समुद्रातला धुरा

आमच्या घराजवळच्या तलावातली जलपर्णी काढण्याचा कार्यक्रम दरवर्षी थंडी सुरू झाली की होतो. रविवारी सकाळी स्वेटर-मफलर घातलेली पंचवीस-तीस माणसं जमतात, दोर येतात, लोखंडी आकडे येतात, चहाचा थर्मास येतो, आणि दोन-तीन तासांत काठावर हिरवागार ढीग उभा राहतो. मग फोटो. मग पोहे. ढीग तिथेच राहतो. पुढच्या रविवारी मी फिरायला जाते तेव्हा तो वरून तपकिरी पडलेला असतो, पण खालून चांगला ओला असतो, आणि त्या ओल्या बाजूला एखादं तरी रोप फुगीर देठ घेऊन आरामात जिवंत असतं.

यंदा मी काठावर नुसती उभी होते, तर पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर बॉटनीवाल्या. सांगा न, बरोबर करून राहिलो न आम्ही?" मी विचारलं, "पावसाळ्यात पाणी इथवर येतं का?" ते म्हणाले, "येते न. पायऱ्यांपर्यंत येते." "मग ढीग पायऱ्यांच्या वर न्यायला पाहिजे," मी म्हटलं. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, आणि पुढच्या वेळी पाहू म्हणाले. या बाबतीत कुणाला दोन शब्द सुनावायचा मला हक्क नाही. घरी आले, चहा केला, तो गार होईपर्यंत तशीच बसले. त्यांचा तो प्रश्न मला एकदा आधी विचारला गेला होता, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि तेव्हा मी फार झटकन उत्तर दिलं होतं.

तो हिवाळा सात-आठ वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि माझा विषय होता समुद्री शेवाळ. नागपूरच्या माणसानं हा विषय घ्यावा यात गमतीचा भाग आहेच, आणि ती गंमत आमच्या घरात सगळ्यांनी पोटभर करून घेतली आहे. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत कारकुनी करत आल्या. आमच्यासाठी पाणी म्हणजे नळ, आणि नदी म्हणजे मामांच्या खाप्याची कन्हान. सुट्टीत खाप्याला गेलं की आम्ही मुलं घाटावरून काहीबाही पाण्यात सोडायचो; केळीची सालं, कागद, एकदा तर मामींची नवी चाळणी. ती गेली ती गेलीच. नदीत टाकलेली वस्तू खाली जाते, खालच्या गावाची होते आणि आपला तिच्याशी संबंध संपतो, हे मला पाच-सहा वर्षांची असताना पक्कं कळलं होतं. पुढे एवढी पुस्तकं वाचली, पण हे कळणं काही जागचं हललं नाही.

कोकणातल्या एका गावच्या कातळाची पाहणी करायची होती. काळा, खडबडीत, लांबवर समुद्रात गेलेला कातळ. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडा. त्यावर कुठलं शेवाळ किती आहे ते लोखंडी चौकट टाकून मोजायचं आणि नमुने नागपूरला आणून ठेवायचे, एवढं आमचं काम. अमावास्येच्या उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि कातळाचा अगदी बाहेरचा भाग तेव्हाच उघडा पडतो. म्हणून चार अमावास्यांना चार फेऱ्या करायच्या ठरल्या, मार्गशीर्ष ते फाल्गुन. बाकीचे दिवस इथे नागपुरात तास घ्यायचे.

माझ्याबरोबर आमच्या लॅबचे परिचर बाबारावजी असायचे. ते नरखेड तालुक्यातले. घरी संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. शेती भाऊ पाहायचा, तरी हे दर शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी जाऊन रविवारभर वावरात राबायचे आणि सोमवारी नखांत माती घेऊन लॅब उघडायचे. मला झाडाचं नाव कळतं आणि त्यांच्या हाताला झाड कळतं, अशी आमची वाटणी होती. प्रवासात त्यांच्याकडे ज्वारीच्या भाकरी आणि फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, चटणीचा डबा असायचा, आणि तो संपला की त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागायची. कोकणात दोन्ही वेळा भात. तिसऱ्या दिवशी ते हळूच विचारायचे, "मॅडम, सायंकाळी पोळी भेटन का?"

समुद्र त्यांनी त्या मार्गशीर्षात पहिल्यांदा पाहिला. चपला हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे पाणी जाऊन कुठं राहिलं?"

"कुठेच नाही. येतं आणि जातं."

"म्हणजे कामच नाही त्याले," ते म्हणाले.

मला ते तेव्हा विनोदी वाटलं, आणि नागपूरला परत आल्यावर मी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्यांनी प्रश्न अगदी नेमका विचारला होता, आणि उत्तरही मी बरोबरच दिलं होतं. दोघांनीही ते मनावर घेतलं नाही, एवढंच.

त्या कातळाबद्दल लिहायचं तर आधी आवाज आठवतो. पाणी उतरलं की सगळीकडून बारीक चुटचुट सुरू होते. शिंपले मिटतात, खळग्यांतले बुडबुडे फुटतात, शेवाळ पाणी सोडतं. मग वास. त्याला लोक माशांचा वास म्हणतात, पण तो शेवाळाचा असतो, औषधाच्या दुकानासारखा जरा तिखट. पायाखाली हिरव्या पातळ पानांचे पापुद्रे. तपकिरी शेवाळाला वाटाण्याएवढे फुगे, ते टाचेखाली फटफट फुटायचे. आणि बाहेरच्या टोकाला, वर्षातून मोजक्याच सकाळी उघड्या पडणाऱ्या खळग्यांत, तळहाताएवढाली जिवंत प्रवाळं. मळकट हिरवी, दिसायला अगदी साधी. पहिल्या दिवशी मी एकावर चौकट ठेवायला निघाले होते, दगड समजून. तेव्हा मागून आवाज आला, "ता जिता आसा गो. थंय नको."

ते जिवंत आहे, तिथे नको, असं सांगणाऱ्या त्या बाई म्हणजे मंदाताई. साठीच्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात टोपली आणि एका हातात लोखंडी आकडी. खडकाला घट्ट चिकटलेले कालवांचे शिंपले त्या आकडीनं फोडायचे आणि आतलं मऊ कालव काढून विकायचं, हे त्यांचं आणि वाडीतल्या आणखी आठ-दहा बायकांचं काम. आतल्या कातळावरची कालवं लहान, बाहेरच्या कातळावरची मोठी. उधाणाच्या दिवसांत सगळ्या बाहेर जायच्या, एरवी आत. पाय कुठे ठेवायचा, कुठे नाही, हे मला मंदाताईंनी शिकवलं. माझ्या पीएचडीत ते नव्हतं. बाबारावजींना त्या दररोज एक ताजं कालव पुढे करायच्या आणि ते दररोज हात जोडून मागे सरकायचे. हा कार्यक्रम दोघांनाही आवडत असावा, कारण चारही फेऱ्यांत तो चुकला नाही.

नमुने मी वर्तमानपत्रात गुंडाळून नागपूरला आणायचे. गाडीत डब्यातली माणसं आधी नाक वर करायची, मग पिशवीकडे पाहायची. लॅबमध्ये पसरट ताटात पाणी घ्यायचं, त्यात शेवाळ सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि हळूच वर उचलायचा. शेवाळाच्या फांद्या कागदावर आपोआप पसरतात आणि आपल्याच चिकट रसानं तिथे चिकटून राहतात. डिंक लागत नाही. कोकणात त्याच कागदांना चार दिवसांत बुरशी लागायची. नागपूरच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते एका दिवसात खडखडीत वाळायचे. वाळलं की संपलं, हे आमच्या गावात इतकं खरं आहे की त्याबद्दल कुणी विचारही करत नाही. वड्या, पापड, मिरच्या, संत्र्याची सालं, सगळं आम्ही गच्चीवर टाकतो आणि विसरतो.

दुसरी फेरी पौष अमावास्येची. बाहेरच्या कातळावर, प्रवाळांच्या खळग्यांच्या कडेला, मला एक नवंच शेवाळ दिसलं. एका खाटेएवढा पट्टा. पिवळट तपकिरी, जाड रसरशीत फांद्या, वाकवली तर काकडीसारखी कट्‌कन मोडणारी. मी ते पुस्तकात पाहिलेलं होतं. ते इथलं नव्हतंच. ते लोक दोऱ्यांना बांधून समुद्रात वाढवतात, त्यापासून आइस्क्रीम दाट करायची पूड बनते. आणि दोरीवरून सुटलं की ते कुठेही जाऊन पसरतं. या पट्ट्याची कड मी उचलून पाहिली. खालचं प्रवाळ पांढरं पडलेलं होतं. उजेड न मिळून ते मेलं होतं, आणि शेजारचं अर्धं झाकलेलं होतं.

बाबारावजी उकिडवे बसले, एक फांदी मोडली, वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, हे तर निंदन आहे." निंदन म्हणजे पिकात माजलेलं तण.

"आपलं काम मोजायचं आहे," मी म्हटलं.

"आपण मोजून राहिलो, तवर ते वाढून राहिलं न. एवढंसं तर आहे. दोन माणसाचं काम."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. इतकी वर्षं शेवाळाला नावं देण्यात गेली होती, आणि आता त्याच्यासाठी काहीतरी करायची संधी समोर खाटेएवढी पडली होती. आम्ही निंदायला बसलो. बाबारावजी कपाशीत बसतात तसे ओळीनं सरकत होते, डाव्या हातानं धरायचं, उजव्यानं विळा मुळाशी. मी नुसत्या हातांनी उपटत होते. फांद्या सारख्या तुटत होत्या. दोन तास पाठीत कळ येईपर्यंत आम्ही ते काम केलं, आणि असं समाधान मला कुठल्याही शोधनिबंधानं दिलेलं नाही.

आता निंदलेलं ठेवायचं कुठे. आमच्याकडे निंदलेलं गवत वावरात ठेवत नाहीत, धुऱ्यावर फेकतात. धुरा म्हणजे शेताची कड, बांध. तिथे ते दोन उन्हांत वाळून जातं. बाहेरच्या आणि आतल्या कातळाच्या मध्ये एक उंचवटा होता, कंबरेएवढा, वरून पांढरा, मीठ साचलेला, अगदी कोरडा. बाबारावजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "हा घ्या धुरा." आम्ही टोपल्या भरभरून सगळं त्यावर नेऊन टाकलं. शेवटची टोपली रिकामी करून त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "इथं वाळलं का मरन न, मॅडम? बरोबर आहे न?"

"मरेल," मी म्हटलं. "वाळल्यावर काय उरतं?"

बोटभर तुकडा जरी पाण्यात गेला तरी त्यातून पूर्ण झाड उभं राहतं, हे मी निदान तीन ठिकाणी वाचलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता, आणि त्यात त्या दिवशी दुपारच्या भरतीचा आकडा महिन्यातला सगळ्यात मोठा होता. अमावास्या होती, मोठाच असणार. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी त्या उंचवट्याकडे पाहिलं आणि मला जमीन दिसली. सकाळी आठला कोरडं आहे ते कोरडंच, असं माझ्या डोळ्यांनी ठरवून टाकलं. चार तासांनी समुद्र त्यावरून गेला.

दुसऱ्या दिवशी ढीग नव्हता. "नेलं पाण्यानं," बाबारावजी म्हणाले. "बरं झालं," मी म्हटलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात नदीच होती. नेलं म्हणजे नेलं. मंदाताईंनी विचारलं, ते कुठे टाकलंत म्हणून. मी बोटानं दाखवलं. त्यांनी उंचवट्याकडे पाहिलं, मग वळून आतल्या कातळाकडे पाहिलं, आणि टोपली उचलून कामाला गेल्या.

माघात आम्ही गेलो तेव्हा आतल्या कातळाच्या फटीफटीत ते होतं. करंगळीएवढे कोंब, पिवळट, तजेलदार, प्रत्येक भेगेत एकेक. बाबारावजी खाली बसले ते बसलेच. "हे आपलं आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "असेल." आणि चौकट टाकून मोजायला लागले. आता आठवलं की मला त्या "असेल"ची लाज वाटते. तेव्हा मी वहीत आकडे लिहीत होते, अक्षर छान आलं आहे.

फाल्गुनात आतला अर्धा कातळ झाकला गेला होता. चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं. कालवं त्याखाली गेली होती. मंदाताईंची आकडी शेवाळावरून सटकत होती आणि त्या न बोलता पुन्हा पुन्हा घालत होत्या. त्या फेरीला आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, पुण्याचे एक सर, पाहायला आले. पँट दुमडून कातळावर उभे राहिले आणि म्हणाले, "हे इतक्या आत कसं आलं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. "बायका रोज बाहेरच्या कातळावर जातात-येतात," मी म्हटलं. "त्यांच्या पायांनी, टोपल्यांनी आलं असणार."

"असणार, की आलं?"

"आलं," मी म्हटलं.

चार पावलांवर बाबारावजी एका खळग्यात चौकट धूत होते. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा धुऊ लागले. मंदाताई जरा लांब होत्या. वारा होता, त्यांना ऐकू गेलं नसावं. मला काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आहे, आणि उत्तर फारसं शोभणारं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

अहवालात त्याचं "स्थानिक वावरामुळे प्रसार" असं झालं. छापल्यावर ते फारच नीटनेटकं दिसत होतं. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. जणू वावर नावाचं काहीतरी एकटंच कातळावर फिरत होतं. परतीच्या गाडीत बाबारावजींनी नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली, पण बोलले नाहीत. त्यानंतर लॅबमध्येही ते कामापुरतंच बोलायचे. "मॅडम, ब्लॉटिंग पेपर बदलले." "मॅडम, किल्ली घ्या." मला वाटलं, वय झालं, घरची काळजी असेल. मला असं वाटून घेणं सोयीचं होतं.

वर्षभरानं एका दुपारी ते कपाटाशी उभे राहून म्हणाले, "मंदाबाईचा फोन आलता. पाटी लागली म्हणे कातळावर." कुठल्याशा खात्यानं आमचा अहवाल वाचला होता आणि कातळाच्या तोंडाशी मोठी पाटी उभी केली होती: शेवाळाचा प्रसार टाळण्यासाठी बाहेरच्या कातळावर जाण्यास मनाई. म्हणजे आतला कातळ शेवाळानं गेला आणि बाहेरचा पाटीनं. बायकांना कालवं काढायला जागा उरली नाही. बाबारावजींनी हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. ते मी तिथल्या तिथे जुळवलं. "अस्सं," मी म्हटलं आणि माझ्या हातातला कागद ताटातून वर उचलला. पुढच्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी मी झाले.

अलिप्तपणा हा आमच्या शास्त्रात गुण समजतात, आणि माझ्यात तो जन्मजात आहे असं माझं मत होतं. लांबून पाहावं, मोजावं, लिहावं, आपण त्यात नसावं. त्या कातळावर मात्र मी अगदी मधोमध होते, कोपरापर्यंत हात घालून. फक्त लिहिताना मी तेवढी बाजूला झाले. कॉलेजच्या कपाटात अजून त्या शेवाळाचा कागद आहे. रंग उडाला आहे, पण फांद्या सुरेख पसरल्या आहेत. खाली माझ्या अक्षरात ठिकाण लिहिलं आहे, "आतला कातळ". कुणी आणलं, यासाठी त्या चिठ्ठीवर जागा असते, आणि तिथे नमुना गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. तिथे माझंच नाव आहे. इतकी वर्षं ते वाचून कुणाला काही कळलं नाही.

तलावावरच्या त्या रविवारनंतर दोन दिवसांनी मी नरखेडची एसटी पकडली. बाबारावजींना आधी फोन केला नव्हता. केला असता तर गेले नसते. फाट्यावरून एका मोटरसायकलवाल्यानं बागेपर्यंत सोडलं. झाडं संत्र्यांनी लदबदलेली होती, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. बाबारावजी पंपाच्या खोलीबाहेर बाजेवर बसून दोर वळत होते. मला पाहून उठले, बाज झटकली, आत आवाज देऊन चहा सांगितला, आणि थकला चेहरा मॅडम तुमचा, म्हणाले. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. सगळं सांगून टाकलं. तक्ता पिशवीत होता हे सांगितलं, पुस्तकात वाचलेलं होतं हे सांगितलं, सरांना काय म्हटलं आणि का म्हटलं तेही सांगितलं. बोलताना थोडं बरंही वाटत होतं.

बाबारावजींनी सगळं ऐकून घेतलं. दोर बाजूला ठेवला.

"मले काहून सांगता?" ते म्हणाले. "मी तर तिथंच होतो."

मी बाजेच्या कडेला टेकले.

"निंदन मी बी काढलं, धुरा मी दाखवला. ते झालं, चुकलं, आपण तिकडले नाही, आपल्याले समजलं नाही. त्याचं मले काही नाही वाटत. पण तुम्ही त्या बायांचं नाव घेतलं. मले वाटलं, मॅडम आता सांगतीन, मंग सांगतीन. मी बी नाही सांगितलं. नोकरी होती. आता ज्या बाईचा कातळ गेला, तिले सोडून तुम्ही नरखेडले कशाले आल्या?"

नागपूरहून नरखेड जवळ पडतं, एवढंच खरं उत्तर होतं. ते उठून आत गेले, मोबाईल घेऊन आले, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला. "दर होळीले बोलतो आम्ही," ते म्हणाले. "कालव खाता का, म्हणते अजून." आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

"कोण बोलता?" पलीकडून आवाज आला. तोच.

मी नाव सांगितलं. मग जे सांगायचं ते सांगितलं. या वेळी बरं वाटलं नाही. शेवाळ आतल्या कातळावर आम्ही आणलं, बायकांनी नाही, आणि अहवालात खोटं लिहिलं ते मी लिहिलं. पलीकडे वारा ऐकू येत होता.

"माका ठावक होता," मंदाताई म्हणाल्या. "तुमी गेल्यार आठ दिवसांनी इला ता. माका काय कळना नाय?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"माझा कोण ऐकता? तुजा ऐकतत. तू लिवलंस आणि पाटी लागली. आता माका सांगान काय करू? तेव्हा लिवलं हुतंस, तसा आता लिव. सही कर. मी पाटीर चिकटवतंय."

बाबारावजींच्या घरात कागद म्हणून खताच्या दुकानाची एक वही निघाली. मागचं कोरं पान फाडून मी मांडीवर घेतलं. आयुष्यभर लिहिण्याचं काम केलं, पण ते चार ओळींचं काम मला अर्धा तास पुरलं. आधी मी "अनवधानानं" असा शब्द लिहिला आणि खोडला. मग "शक्यता" लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एवढंच उरलं: बाहेरच्या कातळावरचं शेवाळ उपटून मी मधल्या उंचवट्यावर टाकलं. भरतीनं ते आतल्या कातळावर आलं. बायकांच्या वावरानं ते आलेलं नाही. मी आधी लिहिलं ते खोटं होतं. खाली सही, नाव आणि पूर्वीचं पद. घरी गेल्यावर हेच पुण्याला आणि त्या खात्याला पाठवायचं, हेही मी ठरवून टाकलं.

बाबारावजींनी कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. "पेन द्या," म्हणाले. माझ्या सहीखाली त्यांनी आपली सही केली, सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं, प्रयोगशाळा परिचर, निवृत्त. मग त्याचा फोटो काढून त्यांनीच मंदाताईंना पाठवला.

आम्ही चहा प्यायलो. ताटात सोललेली संत्री होती, मी एक फोड खाल्ली. फोन वाजला नाही, नुसता एक निरोप आला, आवाजाचा. बाबारावजींनी तो मोठ्यानं लावला.

"बारीक लिवलंस गो," मंदाताई म्हणत होत्या. "मोठा लिव. पाटी केवढी मोठी आसा ती तू खय बघलंस?"